बालपणाचे २१६ महिने: मुलाची पोटगी ठरते कशी आणि पोचते कशी

जन्मापासून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाच्या वाट्याला २१६ महिने येतात. नागपूरच्या एका मुलाच्या पोटगीचा वाद त्यांपैकी ८६ महिने न्यायालयांत चालला, म्हणजे बालपणाचा जवळजवळ ४० टक्के काळ. त्याच्या आईने सप्टेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अंतरिम पोटगीचा अर्ज केला, तेव्हा मूल तान्हे होते. आदेश झाला ऑगस्ट २०१५ मध्ये. वडिलांनी त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी आला. तोवर मूल शाळेच्या वयाचे झाले होते.

न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी या प्रकरणात दिलेला निकाल आज देशभरातील पोटगीच्या दाव्यांचा पाया आहे. पोटगीचे प्रकरण घेऊन बसलेल्या प्रत्येक आईवडिलांनी त्यातली आकडेमोड समजून घ्यायला हवी. रक्कम किती ठरली एवढ्यावर मुलाचे भागत नाही. ती कोणत्या तारखेपासून लागू झाली, दरमहा पोचली का आणि महागाईबरोबर वाढली का, हे तीन प्रश्न रकमेइतकेच महत्त्वाचे आहेत.

पन्नास रुपयांपासून सुरुवात

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ खाली पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेत हेच कलम १२५ म्हणून आले, पण ५०० चा आकडा तसाच राहिला. ही मर्यादा साऱ्या कुटुंबाला मिळून नसून प्रत्येक अर्जदाराला वेगळी आहे, असे १९७८ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले. तरीही एका मुलाला महिन्याला ५०० रुपयांपेक्षा जास्त देता येत नव्हते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून मर्यादा १,५०० केली आणि २००१ मध्ये संसदेने ती पूर्णपणे काढून टाकली.

म्हणजे १९५५ ते २००१ अशी ४६ वर्षे देशाच्या कायद्यात एकच आकडा होता. त्या काळात दोन पिढ्या जन्मल्या आणि मोठ्या झाल्या. कायद्यात गोठलेला आकडा मुलाचे किती नुकसान करतो, हे यावरून कळते.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. कोर्टाच्या आवारात मात्र लोक अजून ‘एकशे पंचवीस टाकली’ असेच म्हणतात. हे कलम सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे आणि औरस-अनौरस असा भेद करत नाही. याखेरीज हिंदू विवाह कायद्याचे कलम २६, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २० या वाटाही आहेत. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करता येतो, पण रकमांची बेरीज होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात मुलाला ६,००० रुपये मिळत असतील आणि कौटुंबिक न्यायालयाने गरज ८,००० ची ठरवली, तर वरचे २,००० मिळतात, नवे ८,००० नव्हेत. आधीचा आदेश न्यायालयाला सांगणे अर्जदारावर बंधनकारक आहे.

उत्पन्न कोणते धरायचे

भारतात मुलाच्या पोटगीचे कायद्यात लिहिलेले गणिती सूत्र नाही. पालकांचे उत्पन्न, राहणीमान, मुलाच्या गरजा आणि अवलंबून असलेली इतर माणसे हे सगळे पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. त्यामुळे खरी लढाई पहिल्याच आकड्यावर होते: पैसे देणाऱ्या पालकाचे उत्पन्न नेमके किती?

उदाहरणासाठी एक पगारपत्रक घेऊ. वडिलांचा एकूण पगार ६०,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ३,६०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. प्राप्तिकर लागत नाही असे धरू. या सक्तीच्या कपाती वजा जाता ५६,२०० रुपये उरतात. याशिवाय पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ८,०००, गाडीचा ५,००० आणि विम्याचा ३,००० असे १६,००० पगारातूनच कापले जातात. हातात येतात ४०,२०० रुपये.

वडील न्यायालयात ४०,२०० सांगतात. न्यायालये मात्र सर्वसाधारणपणे कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी यांसारख्या कपातीच वजा करतात. स्वतःहून घेतलेले कर्ज आणि स्वतःहून केलेली बचत सहसा वजा होत नाही. हिशेब ५६,२०० पासून सुरू होतो. हा १६,००० चा फरक मुलाच्या ताटापर्यंत जातो, हे पुढच्या गणितात दिसेल.

पगारदाराचे उत्पन्न कागदावर सापडते. दुकानदार, ठेकेदार, शेतकरी यांचे तसे सापडत नाही. म्हणून २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी उघड करणारे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, मागच्या तीन वर्षांत जमिनीतून काय मिळाले, गाईम्हशी-शेळ्या किती, कर्ज किती, हे सगळे त्यात लिहावे लागते. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, मुलाचा खर्च मात्र रोजचा असतो. तीन वर्षांची सरासरी काढून बारा महिन्यांत वाटली, तरच खरे चित्र दिसते.

विरुद्ध पक्षाने हे प्रतिज्ञापत्र चार आठवड्यांत द्यायचे असते. टाळाटाळ करणाऱ्याला दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत आणि त्यानंतर त्याचा बचाव रद्द करता येईल, असे निकालात म्हटले आहे. खोटी माहिती दिल्यास कारवाई होऊ शकते. तरीही अनेक न्यायालयांत हे पाळले जात नसल्याचे पाहून नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हाच निकाल पुन्हा सर्वत्र पाठवण्यास सांगावे लागले.

वाटे कसे पडतात

सूत्र नसले तरी मार्गदर्शक आकडे आहेत. पहिला आकडा २५ टक्क्यांचा. पतीच्या निव्वळ पगाराच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी योग्य ठरू शकते, हे १९७० च्या एका निकालातले मत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा मान्य केले. हा आकडा पत्नीपुरता आहे. मुलांच्या वाट्याचा हिशेब त्यात नाही.

दुसरी पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये मांडली आणि मुलांसाठी ती अधिक उपयोगाची आहे. कुटुंबाचे सगळे उत्पन्न एकत्र करायचे. कमावणाऱ्या पतीला बाहेरच्या खर्चासाठी दोन वाटे आणि बाकी प्रत्येकाला एक वाटा द्यायचा. आपल्या उदाहरणात पती, पत्नी आणि दोन मुले आहेत, म्हणजे एकूण पाच वाटे.

• ५६,२०० भागिले ५: एक वाटा ११,२४० रुपये, दोन मुलांचे २२,४८०.
• ४०,२०० भागिले ५: एक वाटा ८,०४० रुपये, दोन मुलांचे १६,०८०.

फरक महिन्याला ६,४०० आणि वर्षाला ७६,८०० रुपयांचा पडतो. पतसंस्थेचा आणि गाडीचा हप्ता वजा करू दिला असता, तर तो मुलांच्या वाट्यातून गेला असता. वडिलांवर त्यांचे वृद्ध आईवडीलही अवलंबून असतील, तर वाटे सात होतात, एक वाटा सुमारे ८,०३० वर येतो आणि दोन मुलांचे मिळून सुमारे १६,०६० होतात. आजी-आजोबांचा हक्कही खरा आहे, म्हणून न्यायालय त्यांच्या अवलंबित्वाचा पुरावा मागते.

ही पद्धत सक्तीची नाही. महाराष्ट्रातले न्यायाधीश ती वापरतीलच असे नाही. पण अर्ज करणाऱ्या पालकाने आपली मागणी अशा गणितावर उभी केली, तर ‘२५,००० द्या’ या नुसत्या मागणीपेक्षा तिला वजन येते.

आई कमावती असेल तेव्हा

‘बाई नोकरी करते, मग पोटगी कशाला?’ हा प्रश्न मुलाच्या बाबतीत गैरलागू आहे. मुलाचा हक्क स्वतंत्र असतो. आई कमावती असली तर एवढेच होते की ओझे दोघांत वाटले जाते. आईवडील दोघेही नोकरीत असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये प्रत्येक मुलामागे ३,००० रुपयांचा खर्च धरला आणि तो वडील व आई यांच्यात २:१ या प्रमाणात विभागला. वडिलांचे दोन हजार, आईचे एक हजार. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा आणि आईची कमाई पुरेशी असल्यास तो प्रमाणात वाटावा, असे २०२० चा निकालही सांगतो.

आपल्या उदाहरणातल्या आईला २०,००० पगार असेल, तर एकत्र उत्पन्न ७६,२०० होते आणि एक वाटा १५,२४०. आई आणि दोन मुलांचे तीन वाटे ४५,७२० होतात. त्यातून आईचे २०,००० वजा केले, तर वडिलांकडून यायचे २५,७२० रुपये. मुलाला रात्री उठून पाणी देणारी, तापात रजा टाकणारी, अभ्यास घेणारी व्यक्ती जे देते त्याचे रुपये या गणितात कुठेच येत नाहीत. वाटणी करताना हे लक्षात ठेवणे हा न्यायाचा भाग आहे. मूल वडिलांकडे असेल, तर हेच सगळे वडिलांना लागू होते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली मुलाला सांभाळण्याची जबाबदारी आईवरही आहे.

आदेशात पत्नीची आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळी लिहून घेणे फार महत्त्वाचे आहे. पुढे पत्नीचा हक्क संपला, तिने पुनर्विवाह केला, तरी मुलाची रक्कम अबाधित राहते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘मुलासाठी काही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले, तरी अल्पवयीन मुलाच्या हक्कावर तडजोड करण्याचा अधिकार तिला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले आहे.

एका तारखेची किंमत

नागपूरच्या प्रकरणात मुलाला १ सप्टेंबर २०१३ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळासाठी दरमहा ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर झाले. पत्नीला १५,००० मिळाले, तेही १ सप्टेंबर २०१३ पासून. आदेश मात्र ऑगस्ट २०१५ चा होता. तो त्याच दिवसापासून लागू झाला असता, तर मुलाचे २४ महिन्यांचे १,२०,००० आणि आईचे ३,६०,००० असे ४,८०,००० रुपये कधीच देय झाले नसते.

कायद्यात दोन्ही तारखांना मुभा आहे. वेगवेगळी न्यायालये वेगवेगळी तारीख धरत. २०२० च्या निकालाने हा गोंधळ मिटवला: पोटगी सर्व प्रकरणांत अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून अर्ज लवकर करणे आवश्यक आहे. घरातली मोठी माणसे ‘थोडं थांब, निवळेल’ म्हणतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण थांबलेला प्रत्येक महिना मुलाच्या खात्यातून कायमचा वजा होतो.

अंतरिम पोटगीच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय व्हावा, असे संहिता सांगते. २०२० च्या निकालाने प्रतिज्ञापत्रे आल्यानंतर चार ते सहा महिन्यांची मुदत अपेक्षिली आहे. अर्ज आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयातही करता येतो. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

पैसे हातात कसे पडतात

आदेश झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. भारतात मुलाची पोटगी गोळा करून पोचवणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही. देणारा पालक रक्कम थेट बँक खात्यात भरतो किंवा न्यायालयात जमा करतो आणि सांभाळणारा पालक मुलाच्या वतीने ती स्वीकारतो. खात्याचा क्रमांक आणि महिन्याची ठराविक तारीख आदेशातच लिहून घेतली, तर पुढचा पुरावा सोपा होतो. रोख घेतल्याने दोन्ही बाजूंचे भांडण वाढते.

पैसे थकले, तर वसुलीचे मार्ग आदेश कोणत्या कायद्याखाली झाला यावर अवलंबून असतात. दिवाणी हुकूमनामा असेल, तर दरखास्त दाखल करून पगार जप्त करता येतो आणि इथे कायदा मुलाच्या बाजूने ठामपणे उभा आहे. ३०,००० रुपये पगार धरू. साध्या सावकारी देण्यासाठी पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्त होऊ शकतात फक्त ९,६६७ रुपये. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र एक तृतीयांश पगारच सुरक्षित असतो. म्हणजे २०,००० रुपयांपर्यंत जप्ती होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर न्यायदंडाधिकारी मालकाला पगाराचा भाग थेट पीडित स्त्रीला देण्याचा आदेश देऊ शकतात.

कलम १४४ खालचा आदेश असेल, तर थकबाकी दंडाप्रमाणे वसूल करण्याचे वॉरंट निघते आणि तरीही पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र एक अट अनेक आयांना उशिरा कळते: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘आज ना उद्या देईल’ म्हणून दोन वर्षे थांबले, तर जुन्या महिन्यांसाठी ही वाट बंद होऊ शकते. एकदा मुदतीत अर्ज केला की तो प्रलंबित असताना थकणाऱ्या पुढच्या महिन्यांसाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही.

महागाई आणि अठरावे वर्ष

समजा आज मुलाला १०,००० रुपये मंजूर झाले. रिझर्व्ह बँकेच्या उद्दिष्टाइतकी, म्हणजे वर्षाला ४ टक्केच भाववाढ झाली, तरी दहा वर्षांनी आजच्या १०,००० च्या वस्तूंना १४,८०० रुपये लागतील. रक्कम तीच राहिली, तर तिची किंमत आजच्या सुमारे ६,७५० इतकी उरेल. मुलाचा खर्च याच दहा वर्षांत बालवाडीपासून दहावीपर्यंत चढत जातो.

परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे, पण त्यासाठी नवा अर्ज, नवा वकील, नव्या तारखा लागतात. काही आदेशांत वाढ आधीच बांधून दिलेली असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीला दरमहा ५०,००० मंजूर करताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ जोडली. दिशा योग्य आहे, वेग अपुरा. या दराने १०,००० चे दहा वर्षांत १२,७६३ होतात. ४ टक्के भाववाढीला पुरायला आणखी दोन हजार हवेत.

अठराव्या वाढदिवसाला तर हिशेब एकदम तुटतो. कलम १४४ ची पोटगी सज्ञान झाल्यावर थांबते. अपंगत्व किंवा आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या अपत्याचा अपवाद आहे. अविवाहित हिंदू मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर लग्नापर्यंत हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली मागणी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितले. मुलासाठी अशी तरतूद नाही. बारावी संपून पदवीची किंवा पदविकेची मोठी फी भरायची तेच हे वर्ष असते.

दुसरीकडे काय करतात

ब्रिटनमध्ये २०१२ च्या योजनेखाली चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस हे काम करते. आठवड्याला २०० ते ८०० पौंड एकूण उत्पन्न असलेल्या पालकाला एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के द्यावे लागतात. ५०० पौंड मिळवणाऱ्याला दोन मुलांसाठी ८० पौंड. मूल वर्षातून १०४ ते १५५ रात्री त्याच्याकडे राहत असेल, तर दोन सप्तमांश सूट मिळून ५७ पौंड. करखात्याकडून उत्पन्न कळते आणि दर वर्षी रकमेचा फेरआढावा होतो. यालाही दोष आहेत. यंत्रणेमार्फत वसुली केली, तर देणाऱ्याला २० टक्के जादा भरावे लागतात आणि घेणाऱ्याचेही ४ टक्के कापले जातात. ८० पौंडांसाठी एक ९६ भरतो, दुसऱ्याला ७६.८० मिळतात. जर्मनीत पालकाने पैसे दिले नाहीत, तर सरकार ठराविक रक्कम मुलाला आगाऊ देते आणि नंतर त्या पालकाकडून वसूल करते. २०१७ पासून ही सोय अठरा वर्षांपर्यंत आहे. बुडव्याच्या मागे धावण्याचे काम तिथे आईच्या माथी येत नाही.

आपल्याकडे लगेच असे खाते उभे राहणार नाही. पण चार गोष्टी आजच्या चौकटीत करता येतील. उच्च न्यायालयांनी उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार मुलांच्या पोटगीचा मार्गदर्शक तक्ता प्रसिद्ध करावा. प्रत्येक आदेशात किमान भाववाढीइतकी वार्षिक वाढ लिहावी. देणारा पगारदार असेल, तर पगारातून थेट कपात हा पहिला पर्याय असावा, थकबाकीनंतरचा शेवटचा नव्हे. आणि पदवीपर्यंत शिकणाऱ्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, अठरानंतरही हक्क देणारी दुरुस्ती कायद्यात व्हावी.

तोवर प्रत्येक पालकाने स्वतः करण्यासारख्या गोष्टी आहेत. अर्ज लवकर करा. शाळेची फी, दवाखान्याची बिले, घरभाडे यांच्या पावत्या महिन्यावार लावून ठेवा. मुलाची रक्कम वेगळी मागा, वाढ मागा, तारीख मागा, आणि थकल्यावर वर्ष उलटू देऊ नका. देणाऱ्या पालकालाही एवढेच सांगणे आहे: ही रक्कम सोडून गेलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला दिलेली भरपाई नाही. ती तुमच्याच मुलाचे दूध, वह्या आणि औषध आहे, आणि ते न्यायालयाच्या वॉरंटाची वाट न बघता दर महिन्याच्या पाच तारखेला पोचवणे हे आईबापपणाचे साधे कर्तव्य आहे.